मोज्यांवर आलेला माणूस

पडद्यावरचा ओरेस्ट दार ढकलून आत आला. खांद्यावर बर्फ. हातात दोरी.

सभागृहातला ओरेस्ट दुसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी, श्वास रोखून बसला होता.

पडद्यावरचा खाली वाकला. त्याने डावा बूट काढला. मग उजवा. दोन्ही भिंतीशी नीट लावून ठेवले आणि मोज्यांवर, आवाज न करता, तो आत निघाला.

आता किंकाळी.

किंकाळी आली नाही. दातांखाली सूर्यफुलाच्या बिया फुटत होत्या, त्या फुटतच राहिल्या. मागच्या रांगेतून धान्याच्या कोठारावरचा मेत्रो म्हणाला, "अरे लेका, चटईवर तरी ठेव! फरशी पुसायची कुणी, पराश्कावहिनींनी?"

सगळं झोर्या गाव हसलं. ओरेस्टची आई पराश्का हसली नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदाच चित्रपट पाहायला घेतला होता आणि तो ती शिवणाच्या टाक्याकडे बघावं तसा बघत होती.

न्यूयॉर्कमध्ये याच जागी बायका किंचाळल्या होत्या. शिकागोत एक पोलीस शिपाई उठून बाहेर गेला होता. एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं, खून करायला आलेला माणूस दारात बूट काढतो, ही गोष्ट ज्या नटाला सुचली त्याच्यापुढे टोपी काढावी.

सुचली नव्हती.

हॉलिवूडमधला त्याचा तो पहिला दिवस होता. एका दिवसाचं काम, साबणाच्या चुऱ्याचा बर्फ. कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये, याच गावात वाढलेले पाय बर्फातून घरात शिरले आणि त्यांना ठाऊक होतं ते त्यांनी केलं. दिग्दर्शक ओरडला. ओरेस्टने माफी मागितली. दोनदा. दिग्दर्शक त्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिला.

"पुन्हा," तो म्हणाला. "अगदी असंच."

एका दिवसाचे अकरा दिवस झाले. ओरेस्ट ह्नातिकचा रॉस हार्लन झाला. चार वर्षं, आणखी चार चित्रपट, चार खुनी. प्रत्येक वेळी कुणीतरी खुर्ची पुढे ओढून विचारायचं, "या वेळी काय सुचतंय, रॉस?"

रॉसला काही सुचायचं नाही.

आता सात वर्षांचा करार त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, सहीवाचून. हॉलिवूडला परतायची गाडी उद्या सकाळची. आज सकाळी आई बटाट्याचं सारण भरून पिरोह्यांच्या कडा चिमटीने मिटवत असताना त्याने सांगून टाकलं होतं.

"मी नट नाहीये, आई. ती चूक होती. लोकांना ती आवडली, एवढंच. मेत्रोकाका कोठारावर घेतो म्हणतोय. मी राहतो इथेच."

आईने पुढची पिरोही मिटवली. "बघू तर दे आधी."

म्हणून ते इथे होते, फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी. आणि गाव हसलं होतं. जी एक गोष्ट त्याच्या नावावर होती, ती इथल्या प्रत्येकाने आज सभागृहाच्या दारात केली असती, फक्त शेगडी नीट पेटत नव्हती म्हणून बूट पायांत राहिले होते.

ओरेस्टने मान खाली घातली. पुढचं बघण्यासारखं नव्हतंच. पुढे त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. नुसतं उभा राहा, म्हणाले होते.

पडद्यावर म्हातारी चुलीपाशी पाठमोरी, काहीतरी ढवळत.

मोज्यांवरचा माणूस तिच्या मागे उभा राहिला.

उभाच राहिला.

तिच्या मानेकडे बघत होता. झोपलेल्या लेकराकडे बघावं तसा. तिच्या खांद्यावरून शाल घसरली होती. त्याने दोन बोटांनी ती अलगद वर सरकवली, तिला कळणारही नाही इतकी हळू.

अंधार.

बिया फुटायच्या थांबल्या होत्या. ओरेस्टला ते कळलं नाही. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

दिवे लागल्यावर लोकांनी हात मिळवले. छान, छान. कुणी जास्त बोललं नाही, आणि तेही त्याने आपल्या परीने समजून घेतलं. मेत्रोने त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तो मधेच खाली घेतला आणि म्हणाला, "तर मग... सोमवारी सातला ये. फावडं तुझं तू आण."

"येतो," ओरेस्ट म्हणाला.

घराकडची वाट कमरेएवढ्या बर्फातून खणलेली होती. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. ऊन पिवळं पडलं होतं. वाटेच्या तोंडाशी ओरेस्ट बाजूला झाला.

"हो पुढे, आई."

आई हलली नाही.

"पाय दुखतायत का? थांबूया जरा?"

"पाय बरे आहेत." तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली. त्याच्याकडे न बघता बोलली. "बूट काढले ना, तो माझा पोरगा होता. ती सवय मीच लावली. त्यात कसलं आलंय नट-बिट."

"तेच तर म्हणत होतो मी."

"पण नंतर तिच्या मागे येऊन उभा राहिला, तो कोण होता?"

"मीच की, आई."

ती एक पाऊल मागे सरकली. पाठ बर्फाच्या भिंतीला टेकली. आणि तिने त्याला जायला वाट करून दिली.

"मग तू पुढे चाल, ओरेस्ट," ती म्हणाली. "आज मला तू मागे नकोस."