शिवांजलीसाठी धपाटे

शिवांजलीचा मेसेज आला तेव्हा कुमार दुकानाचं शटर वर ढकलत होता. "आज दुपारच्या गाडीच्या वेळेला येडशी स्टेशनवर आणून दे. नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून घेईन."

त्याने फोन खिशात टाकला आणि अगरबत्ती लावली. बेंबळीतलं हे औषधाचं दुकान त्याच्या मामांचं. कुमार तिथं गल्ल्यावर बसायचा. उन्हाळ्यात तो स्वतःच फोनवरच्या त्या ग्रुपमध्ये शिरला होता. जगण्याला विटलेली माणसं तिथं मरणाच्या औषधांबद्दल बोलत, आणि बोलत कशी, तर बाजारात कांद्याचा भाव विचारावा तशी. खरं नाव कुणालाच नव्हतं. 'नको करूस' म्हणणाराही एकजण नव्हता. कुमारला तरी दुसरं काय ऐकायचं होतं? का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला धड सांगताही आलं नसतं. झोप उडाली होती, तोंडाची चव गेली होती, आणि पुन्हा उजाडलं याचाच शीण येत होता.

औषधाच्या दुकानात असतो, एवढं त्याने एकदा तिथं लिहिलं आणि ही पोरगी मागे लागली. ग्रुपमध्ये नाही, वेगळी, त्याला एकट्याला. बारावी झालेली, इकडचीच कुठली तरी. मला आणून दे म्हणाली. तुझ्याशिवाय मला कुणी नाही, ग्रुपात बोलू नकोस, असंही बजावलं.

कुमारने तो मेसेज दोनदा वाचला. आपलं काय व्हायचं ते होवो, पण हे लेकरू? त्याने लिहिलं, माल आला नाही. मग मामा दुकानातच बसलेत. मग तपासणी चालू आहे. थापा मारता मारता त्याचा जीव मेटाकुटीला आला. पोरगी हटवादी. स्वतः जेवायची नाही. तू जेवल्याचा फोटो टाक, मग मी खाते, म्हणायची. मग इच्छा असो नसो, कुमारला ताटावर बसावं लागे. फोन केला तर उचलायची नाही. एक ओळ लिहायला तिला इतका वेळ लागे की, रडत असणार, असं वाटून तो फोनकडे डोळे लावून बसे. ग्रुपमध्ये स्वतःसाठी काही विचारायला त्याला सवडच राहिली नव्हती. वैताग नुसता. पण झोपताना तिचा 'ठीक आहे' आला नाही तर त्याच्या अंगाला घाम सुटे.

आज मात्र थापा संपल्या होत्या. मामांना दुकानात बसवून तो घरी गेला आणि आईला धपाटे करायला सांगितलं. कमलबाईंनी पीठ मळता मळता विचारलं, "कुणासाठी रं एवढे?"

"बहीण हाय एक. लई दिवसाची उपाशी हाय."

कमलबाईंनी दह्याचा डबाही बांधून दिला. लेक बऱ्याच दिवसांनी आपणहून काही मागत होता.

दुकानातलं काहीच त्याने बरोबर घेतलं नाही. खिशात फक्त धाराशिवच्या एका मानसोपचार डॉक्टरांचा नंबर होता. या पोरीसाठी मागे तो त्यांना भेटून आला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कधीही घेऊन या म्हणाले, आणि तो उठताना हळूच विचारलं, "आणि तुम्ही स्वतः कसे आहात?" मला काय धाड भरलीय, असं म्हणून कुमार घाईने बाहेर पडला होता. आज पोरीला समजावायचं, चार घास खाऊ घालायचे आणि तडक त्यांच्याकडे न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. ऐकलं नाही तर पाय धरायचे.

येडशीला तो वेळेआधी पोचला. 'आलोय,' असं तिला कळवलं. कडुनिंबाखाली बसते, ओढणी पिवळी असेल, असं ती म्हणाली होती. पण कडुनिंबाखाली तिघं आधीच बसले होते. टोपीवाला एक म्हातारा, मांडीवर डबा घेतलेली एक बाई आणि इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस. त्याच्या हातात कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा. कुमार चरफडला. एवढी माणसं बघून पोरगी पुढं येईल कशी? आल्या पावली परत गेली तर?

गाडी आली. तो डब्यामागून डबा बघत धावला. पिवळी ओढणी कुठंच दिसली नाही. गाडी निघून गेली. उशीर केला आपण. दुसऱ्या कुणी दिलं असेल तिला. तो कडुनिंबाच्या पारावर मटकन बसला.

ते तिघं तिथंच होते. गाडीत कुणीच चढलं नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"कुणाची वाट बघायलाव, आजोबा?" कुमारने विचारलं.

"नातच म्हणा की. सकाळपस्नं जीव थाऱ्यावर न्हाय."

डब्यावरचे बाईचे हात थांबले. तिने घाबरत म्हाताऱ्याला विचारलं, "तिची ओढणी पिवळी हाय का?"

पेढेवाला ताडकन उभा राहिला. एवढ्यात चौघांचे फोन एकदमच वाजले. कुमारने बघितलं. शिवांजलीचाच मेसेज होता.

"शिवांजलीला जाऊन वरीस झालं. म्या तिची आई हाय. त्या ग्रुपातले तुमी चौघंबी आलाव, आता जेवून घ्या."