पहिली आवृत्ती

"मागे हो, उजेड अडवतोयस," ताई म्हणाली आणि तिने व्हिडिओ गेमच्या कन्सोलच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू काढला.

भाऊ मागे सरकला. मध्येच गिऱ्हाईक नको म्हणून तिने भरदुपारी आपल्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. टेबलावर दोन कन्सोल होते. एक साधा, घरोघरी असतो तसा. दुसरा जाडजूड, करडा, दुकानात कधीच विकायला न येणारा. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनाच तो मिळतो. अर्धवट, कच्च्या खेळांच्या डिस्क फक्त त्याच्यावर चालतात.

भंगारवाल्याने आणून टाकलेल्या ढिगात तो तिला सापडला होता. पाठीवर नवऱ्याच्या कंपनीचा शिक्का, आणि आत डिस्क अडकलेली.

नवरा म्हणायचं ते आता सवयीने. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता तिने घटस्फोटाच्या कागदांवर सही केली होती.

"ताई, जाऊ दे ना आता," भाऊ म्हणाला. "सही झाली, विषय संपला."

"विषय संपला?" तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. "दोन वर्षं तू घरात तोंड लपवून बसलायस. तो मात्र हारतुरे घेत फिरतोय. आणि विषय संपला?"

भाऊ सांडलेले स्क्रू वेचू लागला. तो असाच. आईवडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून ताईने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिकवलं आणि लग्नानंतर नवऱ्याच्याच कंपनीत चिकटवलं. तिथे एक खेळ तयार झाला आणि धो धो चालला. नवऱ्याचा फोटो पेपरात आला. त्याच आठवड्यात भाऊ नोकरी गमावून घरी आला आणि जिन्यातच रडायला लागला.

"तो खेळ माझा आहे, ताई. पहिल्या आवृत्तीत एकच नाव होतं. दाजींनी ती डिस्कच गायब केली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने नवऱ्याला तोंडावर विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझ्या भावाबद्दल माझ्या तोंडून काही वदवून घेऊ नकोस."

"बोलायला तोंड असेल तर बोलशील ना!" असं म्हणून ती बॅग घेऊन निघाली, ती परत उंबरा चढली नाही.

आज कोर्टाच्या पायऱ्यांवरही त्याचं तेच. पोटगीवरून वाद नाही, घरावरून वाद नाही. जाताना फक्त म्हणाला, "त्याला सांभाळ." मानभावी मेला! घरातल्या पोराची भाकरी पळवायची आणि वर त्याचीच काळजी करायची. आठवलं तरी तिच्या कपाळाची शीर उडत होती.

तिने करड्या कन्सोलची चपटी रिबन केबल अलगद सोडवली, डिस्क फिरवणारा ड्राइव्ह बाहेर काढला आणि त्याचा पत्रा उघडला. मोटर जळून काळी पडली होती. तिच्याखाली पांढरी डिस्क तिरकी अडकलेली. चिमट्याने ती बाहेर आली. वर मार्करने लिहिलं होतं: पहिली आवृत्ती.

ताईने ती ओढणीला पुसली. मग डिस्क भावासमोर धरली.

"बघ. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात ना, ती ही अशी."

भाऊ स्टुलावर बसला. "चालणार नाही ती," तो म्हणाला. "इतकी वर्षं आत सडलीय."

"एक चरा नाही तिच्यावर."

साध्या कन्सोलचा ड्राइव्ह तिने काढून शेजारी ठेवला. भाऊ वाकून म्हणाला, "मग हा अख्खा ड्राइव्हच टाक ना करड्यात. हिरव्या सर्किटसकट. पटकन होईल."

"आणि मशीन कायमचं आंधळं करू? हे सर्किट ज्याच्या-त्याच्या मशीनशीच जुळलेलं असतं. दुसरं लावलं की ते डिस्क ओळखतच नाही. तू तिथे काम केलंस ना रे? एवढंही माहीत नाही?"

"विसरलो."

ताईने मोटर, चाकं, सगळं साध्या ड्राइव्हचं घेतलं, सर्किट तेवढं करड्याचंच ठेवलं. बारीक तारांना सोल्डरचा डाग देताना तिचं तोंड चालूच होतं. उद्या वकिलीणबाईंकडे जायचं. मग पेपरात. ज्या पानावर त्याचा फोटो आला होता, त्याच पानावर तुझा आला पाहिजे. चारचौघांत माफी मागायला लावते की नाही बघ.

"मला काही नको, ताई," भाऊ म्हणाला. "खरंच काही नको. फेकून दे ते."

ताईला भरून आलं. एवढं सोसूनही पोराला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्याच्या वाटचा राग तिलाच धरायला हवा होता, आणि तो ती दोन वर्षं धरून होती.

तिने झाकण न लावताच करड्या कन्सोलला वायर जोडली, टीव्ही लावला आणि बटण दाबलं. ड्राइव्हने डिस्क अलगद आत ओढली. आत काहीतरी घरघरलं, थांबलं, मग एकसुरी फिरू लागलं.

"जळल्याचा वास येतोय." भाऊ उठला आणि त्याचा हात प्लगकडे गेला. "बंद करतो."

"काही जळत नाहीये. बस खाली."

तिने त्याचं मनगट धरलं. ते थंडगार पडलं होतं. साहजिकच होतं. दोन वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळून ऊब दिली, लहानपणी द्यायची तशी.

पडदा काळा झाला. मग निळसर झाला. खेळ बनवणाऱ्याचं नाव हळूहळू उमटू लागलं.

भाऊ सांगत आला होता तसं, एकच नाव होतं. तिच्या नवऱ्याचं.