चावट भाषांतर

कॉलेजात जपानी शिकवणाऱ्या खांबेटेबाई ऊर्मीला झापायचं ठरवूनच तिचा एम.ए.चा प्रकल्प बघायला बसल्या. पोरीने भाषांतरासाठी चक्क एक वाह्यात अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, निवडली होती. गरम झऱ्यावर अंघोळीला आलेल्या बाईचा टॉवेल घसरत होता आणि तिला बघणारे पुरुष एकमेकांवर आपटत होते.

तिसऱ्या मिनिटाला बाईंना हसू फुटलं. एका बाईच्या फजितीवर आपण हसतोय याची लाजही वाटली. पण विनोद इतका अचूक बसला होता की त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी ऊर्मी मान खाली घालून समोर उभी राहिली. "मॅडम, विषय बदलू का?"

"विषय राहू दे, इथला शब्द बदल," टॉवेलच्या प्रसंगातल्या एका ओळीवर बोट ठेवून बाई म्हणाल्या. "मूळ वाक्य याहून चावट आहे. तू घाबरून सोवळं केलंस."