एकुलता वाचक

"चांगलं पुस्तक कधी मरत नाही!" निवृत्तीच्या समारंभात संपादकांनी असं ठणकावून सांगितलं, त्याला आठवडा उलटतो न उलटतो तोच विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाद पुस्तकांची यादी लागली. पाच वर्षांत कुणी नेलं नाही ते पुस्तक रद्दीत, असा नियम. यादीत संपादकांच्या हाताखालून गेलेली एकोणतीस पुस्तकं होती.

त्यांचा जीव मात्र यादीत नसलेल्या तिसाव्यात अडकला होता. प्राध्यापकांचा जाडजूड ग्रंथ. प्राध्यापकांनी टिपणांच्या दोन ट्रंका आणून टाकल्या होत्या. त्यातून नऊ वर्षं खपून संपादकांनी ग्रंथ उभा केला. प्रस्तावनेत टंकलेखकापासून घरच्या मांजरापर्यंत सगळ्यांचे आभार होते. संपादक तेवढे राहून गेले.

"तुमच्याशिवाय ते वाचलंय कुणी?" बायको अधूनमधून विचारायची. संपादक चष्मा पुसत बसायचे.

यादी घेऊन ते थेट ग्रंथपालबाईंसमोर उभे राहिले. "प्राध्यापकांचा ग्रंथ यात दिसत नाही. पुढच्या यादीत तोही जाणार का हो?"

"छे! तो कपाटात असतोच कुठे? दीड वर्ष एक वाचक नेतोय. मुदत संपली की आणतो, शिक्का मारून परत नेतो."

"एकच?"

"एक तरी आहे ना! बाकीच्या एकोणतिसांना तोही नाही."

"कोण?"

"नाव सांगता येत नाही. समासात पेन्सिलीच्या खुणा करतो म्हणून एकदा झापलं मी. तर म्हणाला, पुस्तक फार खोल आहे हो, दम लागतो."

संपादकांना भरून आलं. असेल एखादा होतकरू संशोधक. नऊ वर्षांचं सोनं झालं म्हणायचं.

"आज मुदत संपतेय. येईलच. बसा."

ते बसले. शर्टाची कॉलर नीट केली. आपण कोण हे त्याला सांगावं की नको, यावर तासभर विचार केला. सांगायचं, असं ठरलं.

चारच्या सुमारास दार ढकलून, काखेत ग्रंथ मारून, खुद्द प्राध्यापक आत आले.

"तुम्ही?" संपादक उठलेच.

"अरे वा, देवासारखे भेटलात! माझ्या प्रती सत्कारांत वाटून संपल्या, म्हणून इथूनच नेतो." प्राध्यापकांनी खुर्ची जवळ ओढली, बाईंकडे पाहत आवाज खाली आणला. "उद्या यावर व्याख्यान ठेवलंय माझं. चौथ्या प्रकरणात मी नेमकं काय म्हटलंय, तेवढं जरा सांगता का?"