कुणाचा गुण्या खोटा

टेबलावर कडेला कड भिडवली, तेव्हा दोन्ही पातळ फळ्या मधोमध घराच्या आढ्यासारख्या वर आल्या. एर्लिंदाने तळव्याने दाबून त्या सपाट केल्या. ओदिलोनने टेबलाबाहेर आलेल्या टोकाखालून वाकून पाहिलं. खालच्या अंगाला फट होती. नख जाईल एवढी.

"तुझा गुण्या खोटा आहे," तो म्हणाला. "काटकोनच धरत नाही."

"माझा? मी तीनदा तपासलाय. तुझा बघ. तुझं सगळंच तिरकं."

ती त्याची थोरली बहीण. मेक्सिकोतल्या पाराचो गावात एकाच गल्लीत, समोरासमोर, दोघं गिटारी बनवत. बाप गेल्यापासून दोघांपैकी कुणी गल्ली ओलांडली नव्हती. म्हणून जोडणीसाठी ते चोनाबाईकडे यायचे. आज दुसरी खेप. सांधे चिकटवणं हे तिचं काम. गावातल्या निम्म्या गिटारींच्या पाठी तिच्या सरसाने धरून ठेवल्या होत्या.

फळ्या बापाच्या. मरण्याआधी महिनाभर त्याने आपलं शेवटचं लाकूड मधोमध चिरलं आणि अर्धं हिला, अर्धं त्याला दिलं. या झाडाच्या लाकडावर काळ्या रेघा असतात, म्हणून इथे त्याला लिहिलेलं लाकूड म्हणतात. पुस्तक उघडावं तशा फळ्या शेजारी ठेवल्या की एकीवरची रेघ दुसरीवर आरशातल्यासारखी दिसते. एकट्या फळीची पाठ होत नाही.

"ही रेघ बघा चोनाबाई," एर्लिंदा म्हणाली. "माझ्याकडे इथे वळते. त्याच्याकडे गहूभर खाली. ही बाबांची फळीच नाही. खरी विकली असेल कुण्या अमेरिकन ग्रिंगोला."

"मधलं करवत खाते, एर्लिंदा. तो भुसाही मीच विकला का?"

"तुझं काय सांगावं."

चोनाबाई गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातला सरस ढवळत होती. "भांडा, भांडा. पण सरस काही वकील नाही तारखा देत बसायला. रुंदी किती उरलीय ते सांगा."

दोघांनी आपापली पट्टी लावली. पाठीला लागते त्याहून अर्धं सूत जास्त. दोघांनी आपापल्या घरी दोनदा रंधून आणलं होतं आणि इथे जोडल्यावर दोनदा फट आली होती. आता रंध्याचे दोन-चार हातच फिरवता येणार होते. त्यानंतर लाकूड पुरलं नसतं.

"दोन्ही मिटून एकदम रंधा ना," चोनाबाई म्हणाली. "हे मी सांगायचं? बापानं शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. दोन्ही फळ्या मिटलेल्या पुस्तकासारख्या एकीवर एक धरायच्या आणि दोन्ही कडा एका रंध्याखाली घ्यायच्या. रंधा थोडा कलला तरी बिघडत नाही. एका कडेचा कोन जेवढा कमी, तेवढाच दुसरीचा जास्त. उघडल्यावर बेरीज सरळ येते. गुण्या लागतच नाही.

"माझी फळी मी त्याच्या हातात देणार नाही," एर्लिंदा म्हणाली.

"मग रंधा तू मार. तो नुसता धरेल."

"धरेल म्हणजे हातातच गेली ना त्याच्या?"

"आणि त्याची बोटं तुझ्या पात्यापाशी," चोनाबाई म्हणाली. "झाली की बरोबरी."

ओदिलोनने बाह्या वर केल्या. दोन्ही फळ्या मिटून त्याने टेबलाच्या कडेशी दाबून धरल्या. एर्लिंदाने रंध्याचं पातं उजेडात धरून पाहिलं, ठोकून थोडं आत घेतलं, पुन्हा पाहिलं.

"बोटं दहा आहेत," तो म्हणाला. "मोजून घे."

"घेतली. नंतर कमी भरली तर मला बोलायचं नाही."

रंधा सरकला. दोन पातळ सालपटं एकमेकांना लागून बाहेर आली आणि जमिनीवर पडली. एर्लिंदाने दोन्ही उचलली, उजेडात धरली, मग हुंगली.

"झाड एकच दिसतंय," ती म्हणाली. "फळी एकच असेल असं नाही."

"अगं..."

"धर तू नीट."

आणखी दोन वेळा रंधा फिरला. त्यांनी फळ्या उघडून टेबलावर ठेवल्या. मध्ये आढं उभं राहिलं नाही. ओदिलोनने खालून पाहिलं, मग बाजूला होऊन तिला पाहू दिलं. फट नव्हती. कुणाचा गुण्या खोटा होता, ते आता कळणार नव्हतं.

चोनाबाईने सरस लावला. तो थंड व्हायच्या आत तिघांनी मिळून कडा भिडवल्या, दोरी आवळली, दोरीखाली पाचरी ठोकल्या. एक एर्लिंदाने, एक ओदिलोनने. सांध्यातून सरसाची बारीक रेघ बाहेर आली.

"आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही," चोनाबाई म्हणाली. "जा घरी. मी दार लावून घेते."

कुणी हललं नाही. भिंतीला लावून अशाच दोरीत आवळलेल्या पंधरा-वीस पाठी उभ्या होत्या. काळ्या रेघांच्याही होत्या. एर्लिंदाची नजर त्यांच्यावरून फिरली आणि भावावर थांबली. त्याचीही नजर त्या पाठींवरूनच फिरून आली होती. मग दोघांनी चोनाबाईकडे पाहिलं.

"हिच्याकडे अशा किती येत असतील," ओदिलोन हळूच म्हणाला. "एखादी बदलली तर?"

"तेच बघतेय मी."

"आपण इथंच बसू."

चोनाबाईने कपाळाला हात लावला. "बसा बाबांनो. चुलीवर घेवड्याचं कालवण आहे, टॉर्टिया आहेत. वाढू?"

"नको," एर्लिंदा म्हणाली. तिने बाक ओढून दोरीत आवळलेल्या पाठीसमोर आणला आणि सरकून एका माणसाची जागा केली. "ओदिलोन, तुझ्या घरी निरोप धाड. दोघांचं जेवण इथं पाठवायला सांग."