चवळीची वाटी

'झुमाना केता' असं टाकल्यावर संगणकाने हजारो झुमाना केता दाखवले. त्यात एक मंत्री होता, एक गोलकीपर होता आणि एक बक्षीस मिळालेला बोकड होता. पण तरुणपणी कामासाठी गाबोनला गेलेला, परत न आलेला, बाकारी कुलिबालींचा दोस्त काही त्यात नव्हता.

"बाबा, नुसत्या नावाने नाही सापडायचा," मालीतल्या कायेसच्या बाजारातली इंटरनेटच्या दुकानाची आसितान म्हणाली. "फक्त तोच बोलायचा असं काही सांगा. जसंच्या तसं. अवतरणचिन्हांत टाकून शोधते."

बाकारी लाजले. केता आणि कुलिबाली आडनावाचे कुणीही भेटले की आधी एकमेकांना गमतीने शिव्या घालतात, मग तब्येत विचारतात, ही रीतच. पण पोरीसमोर कसं सांगायचं?

"'चवळीखाऊ कुलिबाली, माझी वाटी कुठाय?'" ते पुटपुटले. "रोज विचारायचा मेला."

या खेपेला मोजकीच पानं आली. कुणा कुलिबालीच्या लग्नाच्या फोटोखाली तेच वाक्य. कुणाच्या बारशाखाली तेच. एका कुलिबाली दंतवैद्याच्या जाहिरातीखालीही तेच. तिथे दंतवैद्याने नम्रपणे 'तो मी नव्हे' असं कळवलं होतं. विचारणारा सगळीकडे एकच: झुमाना केता, गाबोन. कित्येक वर्षं दिसेल त्या कुलिबालीला विचारत सुटला होता. शेवटचं कालच.

बाकारींनी बाहीने डोळे पुसले.

"काय लिहू, बाबा? तुम्ही सापडलात म्हणून कळवू?"

"छे! लिही, ती वाटी पुरली नाही. दुसरी घेऊन ये."