चुकायची तालीम

शिट्टी वाजली, आणि वाजली त्याच क्षणी शालनला कळलं, घात झाला.

एक लांब शिट्टी म्हणजे गिरकी, दोन तुटक म्हणजे बैठक, असा त्यांच्या लेझीमचा कायदा. हलगी गिरकीची वाजत होती. पोरींचे हात गिरकीसाठी वर गेले होते. आणि पथकाच्या पुढं उभ्या असलेल्या शालनने मारल्या दोन तुटक! भीमजयंतीची मिरवणूक, पार्क चौक, दोन्ही बाजूंना माणसांची नुसती दाटी, जिकडंतिकडं मोबाइल वर धरलेले. चुकावं तर कुठं चुकावं माणसानं!

बरं, जागाही तीच. गेल्या वर्षी इथंच बुद्धप्रियाचा पाय चुकला होता. बुद्धप्रिया म्हणजे त्यांच्याच गल्लीतली, कॉलेजात जाणारी पोर. एक पाऊल उलटं पडलं, एवढंच. सावरलीही असती. पण पुढं शालन होती ना! गणवेशाच्या कारखान्यात माल तपासायचं तिचं काम. टाका वाकडा दिसला की शर्ट बाजूला, मग शिवणारीची खैर नाही. तोच हिसका तिने भर चौकात दाखवला. शिट्टी फुंकून सगळा खेळ थांबवला आणि ओरडली, "एवढं साधं जमत न्हाय व्हय गं तुला? हो बाजूला!"

पोर रडत बाजूला झाली. तिच्या मैत्रिणींनीही लेझीम खाली ठेवली. हलगी बंद पडली. मागचं मंडळ त्यांना ओलांडून वाजत गाजत पुढं निघून गेलं. त्यांच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष दिपक तेव्हाच म्हणाला, "मावशी, अजून एक वर्ष बघू. परत असं झालं तर डीजे लावणार. बायकांची लेझीम बंद." गल्लीतल्या बायकांनी भांडून मिळवलेला मान होता तो.

दुसरी कुणी असती तर शिट्टी खुंटीला अडकवून घरी बसली असती. शालन काही दिवस बसलीही. आधी बुद्धप्रियावर चरफडली, मग दिपकवर, मग घरातल्या भांड्यांवर. हळूहळू तिला उमगलं, पाऊल एकीचं चुकलं होतं, पण खेळ मोडला तो आपण. असं एकदा मनाशी कबूल केल्यावर बाईला बरंच हलकं वाटलं. तिने पदर खोचला आणि बुद्धप्रियाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं, पोरी. चल, लेझीम घे."

आणि तालमीत तिने नवंच खूळ काढलं. रोज एकीच्या कानात सांगायची, "आज तू चुकायचं. कवा ते तुझं तू ठरव." बाकीच्यांना ताकीद, की चुकलेलीकडं बघायचं न्हाय, हसायचं न्हाय, थांबायचं तर मुळीच न्हाय. ती जे पाऊल टाकंल तेच शेजारणीनं टाकायचं, मग तिच्या शेजारणीनं.

हलगीवाला जालिंदर पोट धरून हसला. "शालनताई, अवघं सोलापूर बरोबर खेळायला शिकतंय, आन् तुमी चुकायला शिकवताय!"

"चुकणार तर हायच की आमी," शालन म्हणाली. "मग जरा नीट चुकायला शिकू."

पोरींना त्यात अशी काही गंमत वाटायला लागली की विचारू नका. आज चुकायची पाळी माझी म्हणून भांडायच्या. भीती गेली तशी पावलंही नेमकी पडू लागली. बघता बघता पथक असं तयार झालं की शालन रस्त्याने चालताना उगाचच मान ताठ ठेवू लागली.

एक गोष्ट मात्र तालमीत राहून गेली. शिट्टीच चुकली तर काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. शिट्टी शालनची. ती कशाला चुकतेय!

आणि नेमकी तीच चुकली. झालं असं, की चौकात त्या जागेवर आल्यावर तिची नजर पहिल्या ओळीतल्या बुद्धप्रियावर गेली. डोक्याला निळा फेटा, हातात खणखणती लेझीम, तोंडभर हसू. कोण अभिमान वाटला शालनला! ऊर भरून आला, डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातली शिट्टी भलतीच वाजली.

आता निम्म्या बसणार, निम्म्या फिरणार, एकमेकींवर आदळणार. गेली लेझीम, आला डीजे. शालनने डोळे गच्च मिटून घेतले.

खण्णकन एकच आवाज झाला.

तिने डोळे उघडले. बुद्धप्रिया गिरकी घेता घेता खाली बसली होती. तिची शेजारीण बसली होती, शेजारणीची शेजारीण बसली होती, मागची अख्खी ओळ तशीच फिरत फिरत बैठकीत उतरत होती. गिरकीत बैठक! अशी चाल उभ्या सोलापुरात कुणी बसवली नव्हती. जालिंदर क्षणभर गडबडला, मग हसत हसत त्याने बैठकीचा ठेका धरला. चौक शिट्ट्यांनी दणाणला. मिरवणुकीच्या गाडीवरून दिपक खाली उडी मारून धावत आला. "मावशी, ही चाल कवा बसवली? पुढच्या जयंतीला हीच पायजे!"

शालनने घाईघाईने पुढची शिट्टी फुंकली. चौक ओलांडल्यावर ती बुद्धप्रियाजवळ गेली आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "अगं, शिट्टी चुकली होती माझी."

"म्हाईत हाय की, मावशी," बुद्धप्रिया घाम पुसत म्हणाली. "पर तुमाला एकटीला कसं चुकू द्यायचं?"